इनोव्हा पुढून वाजते तेव्हा

आमची इनोव्हा २०१० सालची. बाबांनी घेतली तेव्हा आत बसलं की एसीचा भाता सोडून काही ऐकू यायचं नाही. आता कोल्हापूर सोडून गगनबावडा यायच्या आत मधल्या सीटवरून आई तीनदा विचारते, "अरे, काय वाजतंय पुढं?"

दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नाचं उत्तर शोधायला मी गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं बॉनेटवर हात टेकून गाडी दोनदा दाबली, "शॉकअप गेले साहेब" म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत पुढचे दोन्ही शॉकअप, म्हणजे गाडीची उसळी रोखणाऱ्या नळ्या, बदलून दिले. पैसे देऊन बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी एक फुटका गतिरोधक आहे, त्यावर पुन्हा टक-टक. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खरा दोषी होता लिंक रॉड. दोन नटांवर बसणारा, शॉकअपच्या जोडीपुढे किरकोळ किमतीचा भाग.

त्या माणसानं मला एकही प्रश्न विचारला नव्हता, ही गोष्ट मला नंतर खटकली. आपणही गॅरेजात गेलो की आवाजाची नक्कल करून दाखवतो: टकटक, खडखड, धप्प. ऐकायला मजेशीर, पण उपयोग थोडा. लोखंड लोखंडावर आपटलं की टक होणारच, ते कुठलं का असेना. शिवाय आवाज चॅसीतून, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यातून, पसरतो. डावीकडचा एखादा सांधा वाजतो आणि ड्रायव्हरला वाटतं आपल्या पायाखालीच काहीतरी सुटलंय. उपयोगाचा प्रश्न एकच: आवाज कधी येतो? पुढच्या सस्पेन्शनमधला, म्हणजे चाकं धरून धक्के झेलणाऱ्या रचनेतला, प्रत्येक भाग ठरावीक वेळीच हलतो किंवा ताण घेतो. गाडी काय करत असताना आवाज आला हे पक्कं सांगता आलं, तर अर्धे संशयित तिथेच सुटतात.

त्यासाठी आधी पुढे काय काय आहे ते बघू. इनोव्हा २००५ साली क्वालिसच्या जागी आली आणि २०१६ला क्रिस्टा येईपर्यंत विकली गेली. ही गाडी ट्रकसारख्या चॅसीवर बांधलेली, इंजिन मागची चाकं फिरवतं. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आर्म धरून ठेवतात, एक वरून, एक खालून. आर्म चॅसीला जिथे जोडलाय तिथे दाराच्या बिजागरीसारखी रचना असते, फक्त खिळ्याभोवती रबर असतं. तो बुश. आर्मच्या दुसऱ्या टोकाला, चाकाकडे, बॉल जॉइंट: आपल्या खांद्यासारखा, वाटीत बसलेला गोळा, त्यामुळे चाक वर-खालीही होतं आणि वळतंही. स्प्रिंग आणि शॉकअप खालच्या आर्मवर उभे असतात. स्टिअरिंगच्या रॅकमधून, म्हणजे स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दांड्यातून, निघालेला टाय रॉड चाकाला वळवतो. आणि एक वाकवलेली जाड सळई डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधते, म्हणजे वळणावर गाडी कलंडू नये. हिला स्टॅबिलायझर बार म्हणतात. ती चॅसीला डी-बुशमध्ये, म्हणजे इंग्रजी D आकाराच्या रबरात, धरलेली असते आणि दोन्ही टोकांना लिंक रॉडनं जोडलेली असते.

ज्यांच्याकडे अर्टिगा आहे त्यांनी इथे जरा थांबावं. तिची रचना वेगळी. वरचा आर्मच नाही, शॉकअपचा खांब तेच काम करतो आणि स्टिअरिंगबरोबर स्वतःही वळतो. शिवाय इंजिन पुढची चाकं ओढतं, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे ॲक्सल पुढे आहेत. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग टण्णकन उडाल्यासारखी वाजली, तर अर्टिगात खांबाचं वरचं माउंटिंग, म्हणजे तो बॉडीला जिथे जोडलाय ती जागा, आणि त्यातलं बेअरिंग बघायचं. पूर्ण वळवून रेस दिल्यावर कट-कट-कट असं लयीत वाजलं तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. आमच्यासारख्या जुन्या इनोव्हात हे दोन्ही आजार होऊच शकत नाहीत. "पुढचा ॲक्सल वाजतोय" असं या इनोव्हाबद्दल कुणी सांगितलं, तर चहा पिऊन घ्या आणि दुसरं गॅरेज शोधा.

आता लिंक रॉडकडे येऊ, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर जुन्या गाडीची टकटक बहुतेक वेळा इथूनच निघते. लिंक रॉडच्या टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. त्यांचे रबरी बूट फाटले की पावसाळ्यातला चिखल आत जातो, ग्रीस धुऊन जातं, गोळा वाटीत खुळखुळू लागतो. पण तो वाजतो कधी? स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो तेव्हा. आणि पीळ तेव्हाच बसतो जेव्हा एक चाक वर आणि दुसरं खाली असतं. दोन्ही चाकं एकदम वर चढली तर बार नुसता डी-बुशमध्ये गोल फिरतो, लिंकवर फारसा ताण येत नाही.

यातून एक फुकटची परीक्षा मिळते. रिकामा रस्ता बघून एक गतिरोधक अगदी सरळ ओलांडा, दोन्ही चाकं एकाच वेळी चढतील असा. मग तोच तिरका ओलांडा, आधी एक चाक, मग दुसरं. सरळ जाताना गाडी गप्प आणि तिरकं जाताना टक-टक, तर लिंक रॉडवर किंवा डी-बुशवर बोट ठेवायला हरकत नाही. दोन्ही वेळा सारखंच वाजलं, तर शोध आर्मचे बुश, शॉकअपचं वरचं माउंटिंग यांच्याकडे न्यायचा. आमच्या गाडीला ही परीक्षा घेतली असती तर शॉकअपचे पैसे वाचले असते.

खात्री हवी असेल तर मिस्त्री आणखी एक युक्ती करतात. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवायच्या, बारची टोकं कुठे आपटणार नाहीत अशी बांधायची आणि गल्लीतल्या गल्लीत हळू फिरून यायचं. आवाज गेला तर प्रश्नच मिटला. मात्र लिंक सोडलेली गाडी वळणावर नेहमीपेक्षा जास्त कलते, म्हणून ही चाचणी हमरस्त्यावर करू नये. आणखी सोपा प्रकार म्हणजे चाकं जमिनीवर असताना एकानं गाडी बाजूनं ढकलून डोलवायची आणि दुसऱ्यानं लिंकवर हात ठेवायचा. ढिला सांधा हाताला ठोका देतो. कानापेक्षा हात जास्त खरं बोलतो, हे गॅरेजातलं जुनं शहाणपण आहे.

कुरकुरीची गोष्ट वेगळी. जुन्या पाळण्याच्या कड्या करकरतात तसा आवाज, गाडी हळू वर-खाली होताना. थंडीतल्या सकाळी जास्त, दुपारी कमी. हे रबर. वयानं ते कडक होतं, गारठ्यात आणखी कडक. पाण्याची बाटली घ्या आणि एका वेळी एकाच बुशवर पाणी ओता, मग गाडी दाबून बघा. ज्याच्यावर पाणी पडल्यावर कुरकुर काही मिनिटं थांबते तो चोर. इथे एक सवय मात्र मोडायला हवी: "जळकं ऑइल मार, गप्प बसेल." बसेल, चार दिवस. खनिज तेलानं हे रबर फुगतं आणि मऊ पडतं, आणि जो बुश वर्षभर टिकला असता तो पुढच्या पावसाळ्याआधी जातो. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस. नुसती कुरकुर असेल तर घाई नाही.

ब्रेक दाबला की एकच 'ठक', पुन्हा ब्रेक, पुन्हा 'ठक'? ब्रेक लागताना चाक मागे रेटलं जातं आणि तो रेटा खालच्या आर्मच्या बुशवर येतो. बुशचं रबर फाटलेलं असेल तर आर्म जागचा सरकतो आणि आपटतो. मोकळ्या मैदानात माणसाच्या चालीनं पुढे जाऊन ब्रेक, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक. दर वेळी ठोका आला तर चाकामागे टॉर्च मारून बुश बघायचे. रबराला भेगा, आतली नळी एका बाजूला कललेली, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

पण हाच ठोका ब्रेक पॅडचाही असू शकतो. पॅड बसवताना पत्र्याच्या लहान क्लिपा लावायच्या असतात. घाईत त्या कचऱ्यात जातात आणि मग पॅड आपल्या जागेत मागे-पुढे सरकतात. ओळखायची खूण अशी: खडबडीत रस्त्यावर खडखड येत असताना ब्रेकला नुसता पाय टेकवा, गाडी थांबणार नाही इतपतच. खडखड लगेच बंद झाली तर ती पॅडची किंवा पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची. सस्पेन्शनवाल्याला एक पैसा देऊ नका.

क्लच सोडताना किंवा गिअर पडताना 'टण्' झालं तर तो आवाज पुढचा वाटला तरी पुढचा नसण्याची शक्यता मोठी. इनोव्हाच्या पोटाखालून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आहे, त्याचा क्रॉस, म्हणजे टोकाचा वळता सांधा, झिजला की असं होतं.

स्टिअरिंगचा भाग थोडक्यात. गाडी उभी, इंजिन चालू, स्टिअरिंग दोन-दोन इंच झटपट डावी-उजवीकडे हलवा. हाताला बारीक ठोका लागत असेल तर टाय रॉडचं चाकाकडचं टोक (टाय रॉड एंड), रॅककडचं टोक (रॅक एंड) किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा जॉइंट. दुसऱ्या कुणाला चाकाजवळ बसवून टाय रॉडच्या टोकावर बोट ठेवायला सांगा, उत्तर मिळतं.

आता बॉल जॉइंट. बाकीचे आवाज खर्चाचे आहेत, हा जिवावरचा. खालच्या बॉल जॉइंटचा गोळा वाटीतून निसटला तर चाक आर्मपासून सुटतं आणि गाडीचा तो कोपरा रस्त्यावर बसतो. गगनबावड्याखालच्या करूळ घाटात हे व्हावं अशी कल्पनाही नको. दुर्दैव असं की हा जॉइंट खूप झिजेपर्यंत फारसा बोलतच नाही. बोलला तरी हळू वेगात, वळताना, खोल आवाजात, आणि माणूस टकटकीला सरावलेला असतो. म्हणून त्याच्या आवाजाची वाट बघू नये, तपासणीच करून घ्यावी.

तपासणीची पद्धत नीट पाहा, कारण ती चुकीची झालेली मी बघितली आहे. जॅक चॅसीखाली लावून चाक लोंबकळतं ठेवलं तर ढिलेपणा लपू शकतो. इनोव्हासारख्या रचनेत जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ जमेल तितका लावायचा. मग गाडीचं वजन आर्म पेलतो आणि बॉल जॉइंट मोकळा होतो. जॅकवर भरवसा ठेवून कुणी खाली जायचं नाही, स्टँड लावायचाच. आता टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचला आणि दुसऱ्याला जॉइंटवर लक्ष ठेवू द्या. चाक आर्मपासून वेगळं उचललं जाताना दिसलं की पुढे काही सिद्ध करायची गरज नाही.

त्याच अवस्थेत चाक हातानं हलवूनही बघतात. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं आणि ढिलं लागलं, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. नऊ आणि तीनच्या जागी धरून ढिलं लागलं तर बहुधा टाय रॉडची बाजू. बारा-सहावाला घोळ सोडवायला आत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर बेअरिंग, कारण ब्रेकनं डिस्क आणि बाहेरचा भाग एकत्र आवळला गेला. राहिला तर बॉल जॉइंट.

बेअरिंगचा स्वतःचा आवाज टकटक नसतोच, तो घुमतो. वेग वाढला की वाढतो, गिअर बदलून काही फरक पडत नाही. लांबलचक डाव्या वळणावर वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घूं वाढलं तर उजवीकडचं बेअरिंग, उजव्या वळणावर वाढलं तर डावीकडचं. फक्त टायरही असाच घुमतो. ओबडधोबड झिजलेले टायर असतील तर रस्ता बदलला की आवाजाचा पोत बदलतो, आणि पुढचे टायर मागे टाकले की आवाजही मागे जातो. बेअरिंग तसं जागा बदलत नाही.

मग शॉकअप कधी जातात? जातात ना, पण बहुतेक मुकाट्यानं. नळीवर तेलाचे ओघळ दिसतात, खड्ड्यातून वर आल्यावर नाक दोन-तीनदा हलत राहतं, ब्रेक मारल्यावर गाडी पुढे वाकते, टायरवर वाटीसारखे खळगे पडतात. आवाज आलाच तर तो अनेकदा वरच्या नटाचा किंवा तिथल्या रबराचा असतो, आणि ते काम शॉकअप न बदलताही होतं. बदलायचेच झाले तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

काही आवाज सस्पेन्शनचे नसतातच, आणि ते सगळ्यात जास्त छळतात. बॅटरीची पट्टी सुटलेली, बॉनेटचे रबरी ठोकळे चपटे झालेले, चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिक एका क्लिपवर लटकतंय. इनोव्हाची स्टेपनी मागे पोटाखाली साखळीवर टांगलेली असते. पंक्चर काढून परत लावताना साखळी पुरती आवळली नाही की ती प्रत्येक खड्ड्यात ठोके देते. बॉडी आणि चॅसी यांच्यामध्येही रबरी माउंट आहेत, तेही पंधरा वर्षांत चेपतात. आणि सीटखाली लोळणारी स्टीलची बाटली काय काय करू शकते ते मी सांगत नाही. गाडी पूर्ण रिकामी करून एक फेरी मारणं हे पहिलं काम. दुसरं, कंपाउंडच्या लांब भिंतीशेजारून काच खाली करून हळू जायचं, मग उलट दिशेनं. भिंत आवाज परत फेकते, त्यामुळे बाजू कळते.

एवढं सगळं बरोबर शोधूनही दुरुस्ती फसते, तीही एका बोल्टमुळे. आमच्या खालच्या आर्मचे बुश गेल्या वर्षी बदलले, चांगले ओरिजिनल. आठ महिन्यांत पुन्हा ठक. माल खोटा निघाला म्हणून मी चडफडत होतो. मग नवीन मिस्त्रींनी, वयानं साठीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, विचारलं, "बोल्ट आवळले तेव्हा गाडी कुठं होती?" मला काय माहीत? रॅम्पवर असेल. "तिथंच घात झालाय बघा."

बुशमध्ये बाहेरची आणि आतली अशा दोन लोखंडी नळ्या असतात आणि मध्ये रबर दोघींना चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी चॅसीला पक्की होते, बाहेरची आर्मबरोबर फिरते, आणि रबर पिळलं जातं. तेच त्याचं काम. पण बोल्ट चाक लोंबत असताना आवळला तर रबराला वाटतं हीच आपली आरामाची जागा. गाडी खाली उतरवली की ते बिचारं उभ्या गाडीतही चोवीस तास पिळलेलं राहतं, आणि खड्डा आला की आणखी पिळतं. लवकर फाटणारच. म्हणून बोल्ट नुसते हातानं लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून बसवायची आणि मगच अखेरचा ताण द्यायचा. अर्धा तास जास्त जातो, म्हणून घाईत टाळलं जातं. तुमच्या गाडीचे बुश बदलले जात असतील तर त्या वेळी तिथे उभे राहा.

आर्म, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड उघडला असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावीच लागते, नाहीतर नवे टायर एका बाजूनं खाल्ले जातात. लिंक रॉड आणि डी-बुशसाठी गरज नाही. बिलात लावली असेल तर विचारा.

आमच्या गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत न्यावी लागली. आता पुढची पाच वर्षं ती आमच्याकडेच आहे, म्हणून मी एक सवय लावून घेतलीय. आवाज आला की फोनवर टिपून ठेवतो आणि मामांकडे जाताना चिठ्ठी नेतो. मागची चिठ्ठी अशी होती: "डावीकडून. वेग वीसच्या आत. एकच चाक खड्ड्यात गेलं तर येतो, सरळ गतिरोधकावर नाही. ब्रेक टेकवला तरी जात नाही. स्टिअरिंगला ठोका नाही. गाडी रिकामी असतानाही येतो."

मामांनी चष्मा वर केला, चिठ्ठी वाचली, पोराला हाक मारली, "डावी लिंक बघ रे," आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.